बोर्डापुढे 'ठीक आहे साहेब' म्हटलं, तर भत्ता कसा लागणार?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडतो, कारण उत्तर त्यातल्या एका बारीक गोष्टीवर अडलंय.

तुमचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना लेहच्या वाटेवर गाडी दरीत गेली, मणक्याला मार बसला. ६० टक्के अपंगत्व धरून पेन्शन लागली आणि ब्रॉड बँडिंगनंतर, म्हणजे टक्के ठरावीक टप्प्यांत वर धरण्याच्या पद्धतीनंतर, ती ७५ टक्क्यांच्या हिशेबाने मिळते. इतकी वर्षं ते काठी घेऊन चालत होते, पायांतली ताकद मात्र कमी कमी होत गेली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि आता सगळं अंथरुणातच. आई ५८ वर्षांच्या, त्याच सगळं करतात. अशा माजी सैनिकाला माणूस ठेवायला वेगळा भत्ता असतो असं कुणी सांगितलं म्हणून तुम्ही बँकेत गेलात, तर 'पीपीओत (पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये) तसं काही नाही' म्हणून परत पाठवलं. भत्ता मिळेल का आणि अर्ज कुठे करायचा, हे तुम्ही विचारलंय.

मी फौजेत क्लार्क होतो, त्यातली बरीच वर्षं रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयात गेली. निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम केलं आणि आता घरी बसून हेच कागद बघून देतो. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. पण अशा फायली पुष्कळ हाताखालून गेल्यात, त्या अनुभवावरून सांगतो.

बँकेने सांगितलं ते चूक नाही. पीपीओत जे लिहिलेलं असेल तेवढंच देणं एवढं त्यांचं काम. तिथे भांडण्यात दिवस घालवू नका. प्रश्न पीपीओत ती ओळ कशी येईल हा आहे, आणि ती मेडिकल बोर्डाच्या कागदातूनच येते.

भत्ता खरा आहे. त्याला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणतात, आपल्याकडे बोलताना सगळे अटेंडंट भत्ता म्हणतात. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, तो दरमहा ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की यात २५ टक्के वाढ, अशी तरतूद आहे. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला, म्हणजे ६,७५० चे ८,४३७ रुपये ५० पैसे होतात. ज्यांना आधीपासून भत्ता मिळतोय त्यांनी ही वाढ जमा झाली का, हे 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरच्या पेन्शन स्लिपमध्ये एकदा बघावं. पुण्यामुंबईत ब्युरोकडून बारा तासांचा माणूस घेतला तर या पैशांत महिना निघत नाही, हे मलाही कळतं. तरी गावाकडे या रकमेत कुणीतरी दिवसातले चार तास येऊन हात लावू शकतं, आणि आईची पाठ थोडी वाचते. म्हणून यामागे लागायलाच हवं.

आता अटी. अपंगत्व १०० टक्के पाहिजे. रोजच्या क्रियांसाठी माणूस पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि निदान तीन महिने तरी त्याला सतत मदतनीस लागेल, असं मेडिकल बोर्डाचं मत पाहिजे. आणि ही गरज, नीट वाचा ताई, मान्य झालेल्या अपंगत्वातूनच निर्माण झालेली पाहिजे. मान्य झालेलं म्हणजे लष्करी सेवेमुळे झालं किंवा सेवेमुळे वाढलं असं कागदावर धरलेलं. याशिवाय सरकारी खर्चाने रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत दाखल असाल तेवढ्या काळाचा भत्ता मिळत नाही.

तुमच्या वडिलांची गाठ त्या तिसऱ्या अटीत आहे. मणका मान्य झालेला आहे. अर्धांग निवृत्तीनंतरचं आहे, ते कुठल्याच कागदावर नाही. तुम्ही अर्जात 'वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणाला खिळले आहेत' असं लिहिलंत, तर पहिलंच वाक्य तुमच्या विरोधात जाईल. बोर्ड म्हणेल, गरज अर्धांगामुळे आहे, त्याचा सेवेशी संबंध नाही, अर्ज नामंजूर. तुम्ही लिहिलेल्या प्रश्नातही अगदी हेच वाक्य आहे, म्हणून धास्ती वाटली.

खोटं लिहा असं मी अजिबात म्हणत नाही. झटका लपवायचा नाही, तो लपतही नाही. पण खरं काय झालं ते वेगळं करून बघा. मेंदूच्या झटक्याने साधारणपणे शरीराची एक बाजू जाते: एक हात, त्याच बाजूचा पाय, चेहरा, कधी बोलणं. मणक्याच्या दुखापतीचं तसं नसतं. त्यात दोन्ही पाय जातात, लघवी-शौचावरचा ताबा जातो, कमरेखालची जाणीव जाते. आता आठवून बघा. झटक्याच्या आधी वडिलांना लघवी तुंबायची का? नळी कधी घातली होती? रात्री कपडे ओले व्हायचे का? संडासात धरून न्यावं लागायचं का? दोन्ही पायांत पेटके यायचे का? यातलं काही झटक्याच्या आधीचं असेल, तर ती गरज मणक्याची आहे आणि झटक्याने तिच्यात भर घातली, एवढंच. ही मांडणी आणि 'झटक्यामुळे अंथरुणाला खिळले' ही मांडणी, यांत फाईल मंजूर होण्याचा आणि बाजूला पडण्याचा फरक आहे.

पण ते तुम्ही म्हणून उपयोग नाही, डॉक्टरने लिहायला हवं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून न्यूरोसर्जनकडे पाठवणी घ्या आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा: कोणती लक्षणं मणक्याची आणि कोणती मेंदूच्या झटक्याची, हे वेगवेगळं लिहून द्या. सोबत झटक्याच्या आधीचे कागद जोडा. जुना एमआरआय, पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठ्या, मूत्ररोगतज्ज्ञाची तपासणी, व्हीलचेअर किंवा वॉकर घेतल्याची पावती, जे सापडेल ते. कपाटावरच्या पिशवीत पडलेली एखादी चिठ्ठीसुद्धा तारखेमुळे मोलाची ठरते.

दुसरी वाट रक्तदाबाची. वडिलांच्या रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या तपासणीचे कागद, म्हणजे एएफएमएसएफ-१६ फॉर्म, काढून बघा. निवृत्तीच्या वेळी मणक्याबरोबर उच्च रक्तदाब नोंदलेला होता का? पुष्कळ जणांच्या कागदावर तो असतो, त्याला बहुधा ३० टक्के धरलेले असतात आणि पुढे 'एनएएनए' असा शेरा असतो, म्हणजे सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. लोक हा शेरा ब्रह्मवाक्य समजून गप्प बसतात. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की भरतीच्या वेळी कागदावर जो आजार नोंदलेला नव्हता, तो सेवेत उद्भवला असेल तर सेवेशी संबंधित आहे असंच गृहीत धरायचं, संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर, आणि शंकेचा फायदा सैनिकाला. वडिलांचा रक्तदाब नोकरीतला असेल आणि झटका त्यातूनच आला असं डॉक्टर लिहीत असतील, तर आधी रक्तदाबाच्या त्या शेऱ्याविरुद्ध अपील आणि मग पुढचं सगळं. ही वाट लांबची आहे, पण बंद नाही.

आणि दोन्ही नसेल तर? झटक्याआधी मदत लागत नव्हती आणि रक्तदाबही निवृत्तीनंतरचा, असं असेल तर हा भत्ता बसत नाही. तसं असेल तर मी स्पष्ट सांगेन, दोन वर्षं हेलपाटे मारायला लावणार नाही. मात्र तुम्ही लिहिलंय की पायांतली ताकद झटक्याआधीपासून कमी होत गेली. त्या एका वाक्यामुळे मला आशा वाटते.

टक्केवारीचं थोडं सांगतो. २००१ च्या आदेशानंतर बोर्डाने ठरवलेली टक्केवारी कायमची धरतात, माजी सैनिकाने स्वतः फेरतपासणी मागितली तरच ती पुन्हा उघडते. वडिलांचे ६० टक्के निवृत्तीच्या वेळचे. आता मणका आणखी खालावलाय म्हणून फेरतपासणी मागायचा त्यांना हक्क आहे. फेरतपासणीत टक्के खाली येण्याची शक्यताही कागदावर असतेच, म्हणून दर वेळी मी हा सल्ला देत नाही. ज्याचा गुडघा थोडा बरा झालाय त्याला मी 'आहे ते राहू द्या' म्हणतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती भीती मला दिसत नाही.

ब्रॉड बँडिंगबद्दल एक गैरसमज आहे. ५० च्या आतले ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५, त्यापुढचे १००, ही ती पद्धत. आधी ती फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होती, डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. पण ही पेन्शनच्या रकमेची सोय आहे. बोर्डाने ८० टक्के लिहिले, बँडिंगने १०० झाले, म्हणून अटेंडंट भत्ता आपोआप लागत नाही. मदतनीस लागतो हे बोर्डाने वेगळं लिहावंच लागतं.

तरी टक्के वाढले की पेन्शनमध्येही फरक पडतो. १०० टक्क्यांना डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शेवटच्या गणनापात्र वेतनाच्या ३० टक्के असतो आणि कमी टक्क्यांना त्या प्रमाणात. समजा वेतन ४०,००० धरलंय, तर १०० टक्क्यांना १२,००० आणि ७५ टक्क्यांना ९,०००. वर महागाई. अपघाताचा कॅज्युअल्टी रिपोर्टही एकदा बघून ठेवा. गाडी अधिसूचित मोहिमेच्या भागात असताना पडली असेल, तर ती वॉर इंज्युरी (युद्धातली दुखापत) धरायला हवी होती का, हा प्रश्न निघतो. तिथे सेवा पूर्ण करून आलेल्यालाही १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ६० टक्के दर आहे, म्हणजे दुप्पट. तारीख, ठिकाण आणि मोहिमेचं नाव हे तीन तपशील मिळाले तरच यावर बोलता येईल.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते.

सातारा जिल्ह्यातले एक नाईक होते, गोळी लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलेलं. १०० टक्के अपंगत्व, त्यात वादच नव्हता. तरी फेरतपासणीच्या कागदावर मदतनीस लागतो का, याच्यापुढे 'नाही' आलं. मी घरी गेलो आणि वहिनींना विचारलं, त्या दिवशी काय काय झालं ते सांगा. बोर्डाची वेळ दहाची. वहिनी पहाटे तीनला उठल्या. पाणी तापवलं, अंग पुसलं, नळी आणि पिशवी बदलली, पोट साफ करायला पाऊण तास गेला. टाचेखाली जखम होती, तिची पट्टी केली. दाढी केली, केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घातला, रेजिमेंटची टाय लावली. दोन पुतण्यांनी चादरीच्या झोळीत उचलून गाडीत ठेवलं. बोर्डात कर्नल साहेबांनी विचारलं, 'कैसे हो जवान?' आणि नाईक खुर्चीत ताठ बसून म्हणाले, 'एकदम ठीक हूँ साहब.' वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांना कुणी आत बोलावलं नाही. साहेबांना दाढी केलेला, टाय लावलेला, हसतमुख माणूस दिसला. त्यांनी दिसलं ते लिहिलं. पहाटे तीन ते दहा हे सात तास कुठल्याच कागदावर नव्हते.

आपली माणसं अशीच आहेत. दुखतंय म्हणायचं नाही हे अठराव्या वर्षापासून अंगात मुरवलेलं असतं, ते पासष्टीत कसं सुटणार? बायकोही 'मी करते, माझं कामच आहे ते' म्हणते. यात दोघांचंही चुकत नाही. पण बोर्डापुढचा प्रश्न मदतनीस लागतो का, एवढाच असतो. घरातलं कुणी प्रेमाने करतंय म्हणून ती गरज संपत नाही.

म्हणून अर्जाच्या आधी एक वही सुरू करा. पंधरा दिवस, चोवीस तासांची. साहित्यिक लिहायचं नाही, घड्याळ लावून लिहायचं. रात्री साडेबाराला डाव्या कुशीवर केलं. अडीचला उजव्या. साडेचारला पुन्हा, चादर ओली होती, बदलली, दोन माणसं लागली. सहाला पिशवी रिकामी केली, इतके मिली. सातला पोट साफ, ४० मिनिटं. भरवायला अर्धा तास, मध्ये ठसका लागला. शेजारी एक खूण करा: हे काम पायांमुळे आणि लघवी-शौचामुळे, की हातामुळे आणि गिळण्यामुळे. पहिल्या खुणेची कामं मणक्याची, दुसऱ्या खुणेची झटक्याची. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे प्रत्येक लष्करी डॉक्टरला ठाऊक असतं. ती कूस रात्री कोण बदलतं, हे वहीत आलं की मदतनिसाची गरज वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

त्या नाईकांच्या वहिनींनी अशीच वही लिहिली, मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत. अपिलात ती जोडली. पुन्हा बोर्ड लागला तेव्हा मी नाईकांना बजावलं, साहेबांनी विचारलं तर 'माझी बायको सांगेल' एवढंच म्हणा. वहिनींना आत घेतलं गेलं. भत्ता लागायला पहिल्या नकारापासून चौदा महिने गेले, पण लागला.

अर्जाचा रस्ता असा. अर्ज वडिलांच्या सहीने किंवा अंगठ्याने रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाईट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, ईएमई असेल तर सिकंदराबाद. मणक्याचं अपंगत्व वाढल्यामुळे फेरतपासणी आणि अटेंडंट भत्त्याची शिफारस व्हावी, अशी दोन्ही मागणी एकाच अर्जात करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. एक प्रत थेट स्पीड पोस्टाने पाठवा. रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे, ॲम्ब्युलन्सने आणावा लागेल, सोबत सांभाळणारी व्यक्ती आत असू द्यावी, हे अर्जातच लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी दारात हुज्जत नको. बोर्डानंतर कागदांची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे.

नकार आला तर सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. तिथे उशीर माफ होऊ शकतो, पण तरसेम सिंग यांच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर थकबाकी साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे बसून राहिलं की पैसा कायमचा जातो. मुंबईपर्यंत जायची वेळ येऊच नये म्हणून तर बोर्डाच्या दिवसाची एवढी तयारी सांगितली.

सिव्हिल हॉस्पिटलचं यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) कार्ड काढून ठेवा, इतर सवलतींना उपयोगी पडतं. पण त्यावरचे ९० टक्के रेकॉर्ड ऑफिस धरत नाही, तिथे लष्करी बोर्डाचाच आकडा चालतो. बोर्डाला ते पूरक कागद म्हणून दाखवा, भिस्त त्यावर ठेवू नका. आणि दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याला वडिलांच्या बोटांचे ठसे उमटत नसतील, तर जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीत मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. त्यांना उचलून कुठे नेऊ नका.

आईसाठी अजून एक. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून कमरेखाली गेलेल्या सैनिकांना सांभाळतंय. वडिलांना तिथे ठेवा असं नाही म्हणत. पण वर्षानुवर्षं अंथरुणाला असलेल्या माणसाची जखमांशिवाय काळजी कशी घेतात, हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. परवानगी घेऊन आईला एक दिवस नेऊन आणा. कूस बदलायची पद्धत, टाचेखाली उशी कशी ठेवायची, एकट्या बाईने चादरीच्या आधाराने माणूस कसा सरकवायचा, हे बघून शिकण्यासारखं आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंची कंबर त्या एका दिवसाने वाचली.

सुरुवात आज करायची तर दोन कामं करा. आईला एक वही आणि पेन द्या आणि आज रात्रीपासून लिहायला सांगा, लिहिणं जमत नसेल तर त्या सांगतील ते तुम्ही लिहा. आणि वडिलांची ट्रंक उघडून एएफएमएसएफ-१६ शोधा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे प्रत मागा. त्यात अपंगत्वांची यादी असलेलं पान आहे, त्यावर मणक्याखाली आणखी एखादं नाव आहे का आणि त्याच्यापुढे काय शेरा आहे, तेवढं मला कळवा. नंबर आणि नाव झाकून टाका. त्यावरून अर्जाचा मायना कसा ठेवायचा ते लिहून देतो.